पाचनंतरचं पोर्ट लुई

पोर्ट लुई, मॉरिशस
६ जुलै २०२५

ती. अब्बांना,
माहनूरचा सलाम, वि. वि.

पत्र बघून हसू नका. व्हिडिओ कॉलवर मी काहीही बोलले तरी तुम्ही नुसती मान डोलावता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मला ताप आला होता असं सांगितलं तर तुम्ही माशाल्लाह म्हणालात! कानातलं मशीन तुम्ही डब्यात घालून कपाटात ठेवलंय, ही चहाडी जावेदभाईनं केली. पुतण्या असावा तर असा. तेव्हा आता हाच मार्ग. लहानपणी तुम्ही माझ्याकडून घोटून घेतलेली पत्राची चौकट अखेर कामाला आली.

शहर कसं आहे, असं तुम्ही विचारत असता. दौलताबादच्या किल्ल्यावर जन्मभर गाईड म्हणून काम केलेल्या माणसाला मी काय शहर दाखवणार? सूर्यापुढं काजवा. तरी सांगते. अख्खं बेट आपल्या जिल्ह्यापेक्षा लहान, आणि ही त्याची राजधानी. पुढं बंदर, मागं डोंगर. त्यातला एक अंगठा वर केल्यासारखा दिसतो आणि त्याचं नावही अंगठाच आहे. जहाजांना आडोसा मिळतो म्हणून फ्रेंचांनी इथं शहर वसवलं आणि आपल्या राजाचं नाव देऊन टाकलं. दगड फोडायला आफ्रिकेतून, मादागास्करहून गुलाम आणले. मग इंग्रज आले. गुलामी उठली, तर उसाच्या मळ्यांसाठी आपल्याकडची माणसं जहाजात भरून आणली. त्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. ती सगळी ज्या घाटावर उतरली, त्याच्या दगडी पायऱ्या माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याइतक्या जवळ आहेत. मंडईत डाळपुरी मिळते, आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण. जुम्मा मशिदीच्या अंगणात बदामाचं मोठं झाड आहे, तिथली सावली तुम्हाला आवडेल.

आता खरी गोष्ट. माझा करार संपत आलाय आणि कंपनी आणखी तीन वर्षं राहा म्हणते. अशी गोष्ट जावेदभाईच्या फोनवर, तो शेजारी उभा असताना, ओरडून विचारायची नाही. तुम्ही म्हणाल तसं करीन. मी मजेत आहे.

लोभ आहेच, दुआ तेवढी वाढवावी.

तुमची,
माहनूर

---

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
३० जुलै २०२५

चि. माहनूर हिस,
अब्बाकडून पोटभर आशीर्वाद, वि. वि.

पत्र मिळालं. आमचा पोस्टमन कडुबा तिकिटावरचं चित्र बघतच दारात उभा राहिला, पत्र माझ्या हातात द्यायला तयार होईना. शेवटी तिकीट कापून त्यालाच दिलं.

राजधानी म्हणजे काय, ते तू मला शिकवतेस होय? तुघलकानं दिल्ली उचलून आमच्या दौलताबादला आणली, हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की झोपेतही सांगीन. राजधानी हुकमानं होते, बेटा. तिथं माणसं हाकून आणावी लागतात. तुझ्या पोर्ट लुईचंही तेच निघालं, फक्त आमच्याकडं बैलगाड्या होत्या आणि तुमच्याकडं जहाजं.

माझी काळजी करू नकोस. घर भरलेलं असतं. सकाळी धोंडिबा चहाला येतो आणि उठायचं नाव घेत नाही. जावेदच्या बायकोचा, महेजबीनचा डबा येतो. मीठ कमी असतं, पण पोरगी मायाळू आहे. मशीन कानात घातलं की पंखासुद्धा विमानासारखा घोंगावतो, म्हणून ते कपाटात आहे. जावेदचा कान मी पिळलाय.

कंपनीला हो म्हण. अशी नोकरी इथं कोण देणार? माझ्यासाठी परत यायची काही गरज नाही. मी अगदी ठणठणीत आहे.

कळावे. तब्येतीला जपावं, अब्बाला विसरू नये.

तुझा अब्बा,
करीम

---

पोर्ट लुई
२२ ऑगस्ट २०२५

ती. अब्बांना,
सलाम, वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. तुम्ही म्हणता तसंच करते. सोमवारी सही करून टाकीन, म्हणजे तुमच्याही डोक्याला ताप नको.

मागच्या शनिवारी इंग्रजांनी टेकडीवर बांधलेला किल्ला बघून आले. तुमच्या किल्ल्यापुढं तो पाळण्यातलं पोर. पण वरून सगळं शहर दिसतं, बंदरातल्या क्रेन दिसतात आणि पायथ्याशी घोड्यांच्या शर्यतीचं जुनं मैदान. दीडशे वर्षांमागं इथं हिवतापाची मोठी साथ आली. ज्यांची ऐपत होती ते वर पठारावरच्या थंड गावांत राहायला गेले, आणि ती सवय अजून सुटलेली नाही. दिवसा इथं पाय ठेवायला जागा नसते. पाच वाजले की बस आणि मेट्रो भरभरून सगळे निघून जातात. सहाच्या सुमाराला शटर खाली. मग रस्ते छान मोकळे मिळतात, चालायला बरं पडतं.

मीठ कमी खाल्लेलं चांगलंच, महेजबीनभाभीला बोलू नका.

दुआत नाव असू द्यावं.

तुमची,
माहनूर

---

गारखेडा
१४ सप्टेंबर २०२५

चि. माहनूरला,
अब्बाचे आशीर्वाद, वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं समोर ठेवून बसलोय. किल्ल्यावर एक गोष्ट शिकलो होतो. बरोबरच्या टोळीतला एखादा माणूस नुसता दगड बघत राहिला, कुणाशी बोलेना, तर तो एकटा आलाय असं समजायचं आणि अंधाऱ्या भुयाराच्या वाटेत त्याला आपल्याजवळ ठेवायचं. तुझ्या पत्रांत फ्रेंच आहेत, इंग्रज आहेत, गुलाम आहेत, मजूर आहेत. सगळे मेलेले, बेटा. तिथल्या जिवंत माणसाचं एक नाव नाही. तुला ताप आला तेव्हा जवळ कोण होतं?

आपल्यात निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. तुझी अम्मी रईसा याबाबतीत लई कडक होती, अल्लाह तिला जन्नत देवो. मी काही विसरून निघालो तरी ती मागून आवाज द्यायची नाही, उन्हातान्हात धावत पुढं येऊन उभी राहायची. तू विमानतळाच्या दारातून आत गेलीस तेव्हा मी तोंडावर रुमाल धरला होता. पत्रातून विचारलंस तेव्हाही तेच केलं.

घर भरलेलं नसतं. धोंडिबा पावसाळ्याआधीच मुलाकडं अजिंठ्याला राहायला गेला. महेजबीन डबा घेऊन येते, काहीतरी विचारते, मी मान हलवतो, ती जाते. दिवसभरात तेवढंच. परवा नुसता माझा आवाज ऐकावा म्हणून मशीन कानात घातलं आणि तुझ्या खोलीत उभं राहून सगळा किल्ला सांगितला, महाद्वारापासून वरच्या बुरुजापर्यंत. भिंतीनं एकही प्रश्न विचारला नाही. मला तुझ्यावाचून करमत नाही, माहनूर.

म्हणून आता म्हणतो, ये. सही होऊन गेली असेल, एवढं मला कळतं. म्हणूनच जावेदला फोन लावायला सांगितलं नाही. झाली असेल तर हे पत्र फाडून टाक आणि पुढच्या पत्रात त्याचा विषय काढू नकोस.

जिथं राहशील तिथं सुखी राहा.

तुझा अब्बा,
करीम

---

पोर्ट लुई
७ ऑक्टोबर २०२५

ती. अब्बांना,
माहनूरचा सलाम, वि. वि.

पत्र फाडलेलं नाही आणि विषयही काढणार आहे. सही त्याच सोमवारी झाली. करार मोडता येईल का, ते काल साहेबांना विचारून आले. येत नाही. मार्चमध्ये पंधरा दिवसांची सुट्टी मिळेल, तेवढीच.

तुम्हाला विचारलं तेव्हा मला नको असंच ऐकायचं होतं. तुम्ही हो म्हणालात म्हणून मी रुसले, आणि रुसून सही केली. आपण दोघं एकाच मातीचे. अम्मी असती तर दोघांच्याही पाठीत धपाटा घातला असता.

ताप आला तेव्हा जवळ कुणी नव्हतं. ऑफिसातले लोक चांगले आहेत, पण पाच वाजता ते सगळे वर पठारावर जातात. म्हणून हल्ली मी एक करते. कुणाला सांगितलेलं नाही, जावेदभाईलाही सांगू नका. ऑफिस सुटलं की मी बस स्टँडवर जाऊन रांगेत उभी राहते. मला कुठं जायचं नसतं, खोली तर मागच्याच गल्लीत आहे. पण रांगेत माणसं बोलत असतात, पोरांना रागावतात, पिशवीतल्या भाज्या एकमेकींना दाखवतात. त्यांची भाषा मला अर्धीमुर्धी कळते. माझा नंबर आला की मी बाजूला होते आणि दुसऱ्या रांगेत जाते.

कालही तशीच उभी होते, तुमचं पत्र पर्समध्ये होतं. पुढच्या बाईनं वळून कुठं जायचंय असं विचारलं. माझ्या तोंडून गारखेडा निघून गेलं. तिनं जरा विचार केला. त्या गावाची बस इथून सुटत नसावी, पलीकडच्या स्टँडवर विचार, असं तिनं मला समजावून सांगितलं. तिची बस आली, ती गेली.

मी पलीकडच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले.

उत्तराची वाट बघते. मजेत आहे असं लिहू नका.

तुमची,
माहनूर