साखर उतरली तेव्हा

प्रिय ताई,

तुझ्या पाया पडतो. मी आता बरा आहे, हे आधी वाच.

परवा इन्सुलिन घेतलं आणि कामाच्या घाईत जेवण टाळलं. मला मधुमेह आहे हे कारखान्यात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. कापड कापताना घाम फुटला, छाती धडधडायला लागली. शेजारचा शिंपी साखरपाणी घेऊन आला, तर भ्रमात मी त्यालाच ढकललं. मग शुद्ध हरपली. जाग आली ती दवाखान्यात, आणि उशाशी तोच.

डॉक्टर म्हणाले, "साखर फार उतरली की हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. लपवू नका."

मी शिंप्याची माफी मागितली. "आधी खा," एवढंच तो म्हणाला. मी मान खाली घालून खाल्लं.

भाऊजींनाही मधुमेह आहे, ते वेळेवर जेवतात ना?

आईला सांगू नकोस, असं लिहिणार होतो. पण लपवल्यानंच हे झालं. तूच तिला सांग, जरा बेतानं.

तुझा,
धाकटा