सुरेखाचे केस

बावडा, गुरुवार, नोव्हेंबर १९९६

आज माझी धाकटी जाऊ सुरेखा स्वयंपाकघरात येऊन रडली. बाळ चार महिन्यांचं झालं आणि तिचे केस मूठमूठ गळायला लागले. "आक्का, टक्कल पडंल का वं मला?"

हिनंच मागच्या वर्षी हळदीकुंकवाला भरल्या घरात माझ्या वेणीला उंदराची शेपटी म्हटलं होतं. सगळ्या बायका हसल्या. सासूबाईसुद्धा.

तेव्हा मी बारामतीला जाऊन रक्त तपासून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळंतपणानंतर अंगातले हार्मोन्स उतरतात, म्हणून केस गळतात. ते वर्षभरात आपोआप येतात. तुमचं तसं नाही. तुमचा थायरॉइड मंद आहे, रोज उपाशीपोटी गोळी घ्या." घेतेय. माझी वेणी आता भरतेय.

म्हणजे सुरेखाला काहीच करायचं नाही, नुसतं थांबायचं. एवढं सांगितलं असतं तर आज शांत झोपली असती. का नाही सांगितलं? ती उंदराची शेपटी अजून कानात आहे म्हणून.

"मला काय ठावं बाई," मी म्हटलं, "माझं गेल्या साली बघितलंस न्हवं?"

ती डोळे पुसत गेली. आता मला वाईट वाटेल, म्हणून मी वाट पाहिली. वाटलं नाही. सांगेन कधीतरी. घाई नाही.