मलमाची नळी आणि दहा पापे

॥ कांदेलारिया मातेची कृपा ॥
सांता रीता, ३ फेब्रुवारी २००६

चि. नुबियास,
आईबाबांचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या यादिराच्या इसबाचं मलम मिळालं. नळी अंगठ्याएवढी, पण तिची खरी किंमत ऐक. डॉक्टरीणबाईंना दाखवायला तुझी एक रजा, माझी होडी दिवसभर धक्क्याला बांधलेली, पोरीचं तासभर रडणं आणि तुझ्या आईचा दोन दिवसांचा अबोला. एवढं करून गालाला लावलं की पोरगी ओरडते, मिरची लागली म्हणून!

त्यात शेजारच्या एल्सीबाईंनी नळीसोबतचा कागद भिंगातून वाचला आणि कर्करोग हा शब्द धक्क्यापर्यंत ऐकू जाईल असा उच्चारला. तेव्हापासून तुझी आई नळी सापासारखी लांब धरते. जुनं स्टिरॉइडचं मलम काय वाईट होतं, असं तिचं म्हणणं. खरं काय ते लवकर कळव, म्हणजे घरात शांतता होईल.

माझी काळजी नको. पोती वाहता वाहता दोन होड्या केल्या, पण डॉक्टरची पायरी चढलो नाही. या घरात माझ्याकडून कुणाला काही लागलं असेल तर फक्त चिवटपणा. आत्ताही ओठाच्या कोपऱ्यावर पुळ्यांचा घोस आलाय, नदीवरच्या उन्हाचा. लिंबू चोळलं, संपलं. यादिरा त्यांना आजोबांची डाळिंबं म्हणते आणि झोपताना दहा पापे मोजून घेते.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझे बाबा, एवेलिओ


मागांगे, ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

रुग्णालयातूनच, जेवणाच्या सुट्टीत घाईघाईनं लिहितेय. मलम पहिले काही दिवस झोंबतंच. आठवडाभरात बहुतेक कमी होतं. त्यासाठी बंद करू नका. जुनं मलम पापणीजवळ फार दिवस लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते, म्हणून हे दिलंय. कर्करोगाचं मीही विचारलं. थोड्या रुग्णांत दिसला म्हणून इशारा छापलाय, पण मलमामुळेच झाला असं सिद्ध झालेलं नाही. तरी डॉक्टरीणबाईंनी बजावलंय: डागापुरतंच, पातळ, आणि कातडी निवळली की थांबायचं.

अंग पूर्ण कोरडं झाल्यावर लावा, मग हात धुवा. आईला सांगा, वरून केळीचं पान गुंडाळायचं नाही, कितीही गार वाटलं तरी. भर उन्हात यादिराला होडीत मिरवू नका. आणि बाबा, सगळ्यात महत्त्वाचं: फोड उठले, पू आला किंवा ताप चढला तर मलम बंद करून त्याच दिवशी इकडे आणायचं.

माझ्या पोरीला माझ्याकडून अकरावा पापा द्या. आईशी भांडू नका.
तुमची नुबिया


सांता रीता, ९ फेब्रुवारी, सकाळ

चि. नुबियास, आशीर्वाद.

होडीवाल्या मोंचोला पहिल्या फेरीला थांबवून हे लिहितोय. यादिराला परवापासून ताप आहे. गालावर बारीक गोल फोड आलेत, सगळे एकाच मापाचे, काही फुटून खळगे पडलेत. आज उजवा डोळा उघडत नाही. पाणीही नको म्हणते.

चूक माझी. तुझं पत्र मी धक्क्यावर चारचौघांत वाचून दाखवलं, पण झोंबतंच, बंद करू नका, एवढंच. तेवढ्यावर तुझ्या आईला गप्प केलं आणि पत्र खिशात घातलं. फोड आले तेव्हा आई थांबा म्हणाली. मी म्हणालो, नर्स मुलगी कुणाची आहे, तुझी की माझी? ती बिचारी ताप उतरावा म्हणून उंदीरमारीच्या झाडाच्या पाल्याच्या पाण्यानं पोरीला न्हाऊ घालत होती, आणि मी दोन दिवस त्या फोडांवर मलम चोळत होतो. बाकीचं पत्र आत्ता वाचलं.

माझ्या होडीचं इंजिन उघडून पडलंय. आणू की इथेच थांबू?
बाबा


मागांगे, ९ फेब्रुवारी, साडेनऊ

बाबा, विचारत बसू नका, निघा. मोंचोला रिकामा परत पाठवतेय, वाटेत कुणालाही घेणार नाही. मलम बंद, पाला बंद. डोळ्याला हात लावू देऊ नका. चमच्या-चमच्यानं पाणी पाजत राहा. हे पत्र शेवटपर्यंत वाचा: डोळा जाऊ शकतो, जीवही. मी धक्क्यावर उभी आहे.
नुबिया


मागांगे, १२ फेब्रुवारी

प्रिय ओतिलियास,
तुझ्या हट्टी नवऱ्याचा नमस्कार.

आधी हे वाच: डोळा वाचला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आज उघडून पाहिला, बुबुळाला काही झालेलं नाही. सलाईनमधून औषध चालू आहे, ताप उतरला. सकाळी नारळाचा भात खाल्ला आणि परिचारिकेला तो तुझ्या हातचा नाही म्हणून सुनावलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मलम विषारी नव्हतं, पण ते कातडीचा पहारा जरा ढिला करतं. असले फोड असताना त्यावर लावायचं नसतं. आता सगळं भरल्यावर, त्या सांगतील तेव्हाच पुन्हा. उंदीरमारीनं काही बिघडलं का, तेही तुझ्यासाठी विचारलं. म्हणाल्या, पाल्यानं वेळ गेला. तो वेळ तू नाही, मी घालवला.

मग त्यांनी विचारलं, पोरीला जवळून कोण घेतं? यादिरानं दोन्ही हातांची बोटं उघडून दाखवली आणि ऐटीत माझं नाव सांगितलं. बाई माझ्या ओठाकडे पाहत राहिल्या. नुबियानं पर्समधून माझं पहिलं पत्र काढलं. डाळिंबांची ओळ तिनं तेव्हा वाचली होती, हसून पुढे गेली होती. त्यावरून फार रडली.

अबोला धरायचा तर मी येईपर्यंत थांब, समोरासमोर धर.
तुझा एवेलिओ

ता. क. एल्सीबाईंना सांग, कर्करोग नव्हे. बाईंनी पोरीच्या गालावरून आणि माझ्या ओठावरच्या खपलीवरून कापसाच्या काड्या फिरवल्या होत्या. तपासणीचा कागद आत्ताच आला. दोन्हीकडे एकच विषाणू आहे.