लाउंजच्या कठड्याची जाळी

बाबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि मी लिहितेय ते एका दारूच्या लाउंजमधल्या जाळीबद्दल. लिहायची मला सवय नाही, सातवीनंतर शाळा कुठे होती. पण तुमचं नाव घेऊन मी खोटं बोललेय, ते पोटात ठेवून बसवत नाही.

भांडुपचं आपलं वर्कशॉप मीच चालवते. खिडक्यांच्या ग्रिलचं काम कमी झालंय, आता शोभेच्या जाळ्या. अंधेरीच्या त्या लाउंजमध्ये वर माळा काढलाय बसायला, त्याच्या कठड्याला सोनेरी रंगाची पत्र्याची जाळी हवी होती. खालून दिवा सोडला की भिंतीवर नक्षी पडते. डिझायनर सारखा, "मॅडम, लुक पाहिजे, लुक." दिला लुक.

तुमच्या वेळी कठडा तयार झाला की तुम्ही आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा घ्यायचात आणि वरून, खालून, मागून फिरवायचात. धागा अडकेल तिथे कानस. मला अजून दिसतं ते. बोरीवलीच्या सोसायटीचा टेम्पो दारात उभा आहे, मला घाई झालीय, मी म्हणते, "बाबा, खालून कोण बघतंय?" तुम्ही तुकडा माझ्या हातात कोंबता. "गिऱ्हाईक वरून बघतं. पुसणाऱ्या बाईचा हात खालून जातो. फिरव." चार कामगारांसमोर. मी तणतणत फिरवते, आणि तीन ठिकाणी धागा अडकतो. तेव्हा तुमचा इतका राग आला होता की दोन दिवस तुम्हाला जेवायला हाक मारली नव्हती.

लाउंजच्या वेळी मी तो तुकडा वरूनच फिरवला. ओपनिंग तोंडावर, डिझायनर डोक्यावर, मी म्हटलं बास झालं. चौथ्या दिवशी मॅनेजरचा फोन. दुपारी गेले तर खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या, आणि सफाईवाली बाई, माझ्याच वयाची, उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी. फडकं घेऊन खालची कड पुसायला गेली आणि हात फाटला. दोन बोटं वाकत नव्हती. वर मला बघून हसलीसुद्धा. "ताई, जाळी झकास आहे हां तुमची. फक्त चावते."

मॅनेजर म्हणाला, "खालचं फिनिशिंग चेक नव्हतं केलं?"

"हो, राहिलं" म्हणाले असते तर काय झालं असतं? थोडं ऐकावं लागलं असतं, एवढंच. पण तोंडातून निघालं, "आमच्या वडिलांची पद्धत आहे. खालची कड ते कधी घासायचे नाहीत. आम्ही तसंच शिकलो."

"जुन्या लोकांचं असंच असतं," मॅनेजर म्हणाला आणि संपलं त्याचं. ती बाई मात्र मलाच समजावायला लागली. "जाऊ द्या हो ताई. म्हातारं माणूस, नजर गेली असेल. त्यांना नका बोल लावू." बाबा, तिने तुम्हाला माफ केलं. माझ्या देखत, फाटलेल्या हाताने.

मी कानस काढली, फरशीवर बसले आणि सगळी कड घासली. कामगाराला बोलावलं नाही. तिने डाव्या हाताने चहा आणून दिला, शेजारी टेकली आणि विचारलं, "वडील कसे होते हो तुमचे?" याहून सोपी संधी कुणी कुणाला देत नाही. मी म्हटलं, "कडक होते." आणि घासत राहिले.

बोटांचं काय झालं ते विचारायला आणि खरं काय ते सांगायला आज जायचं ठरवलं होतं. दुपारी दोन ते चार ती तिथे एकटीच असते. आता सव्वाचार झालेत. हे पत्र मी बरोबर दोनला लिहायला घेतलं.