पुसलेला फळा

प्रिय चिमणे,

पदवीच्या मुलांकडून उपयोजित गणितातलं संशोधन कसं करून घ्यावं, यावर कॉलेजला एक पुस्तिका हवी आहे. विभागप्रमुख म्हणाले, "सर, निवृत्त आहात, रिकामेच आहात, लिहा की!" पहिलाच नियम लिहिला, 'विद्यार्थ्याचा फळा पुसू नये', आणि हात थांबला.

पदवीला माझ्याच हाताखाली शिकताना, दवाखान्यातली रांग कमी कशी करावी याचं गणित तू तीन आठवडे फळ्यावर मांडत होतीस. मी घाईने तुझा फळा पुसून दहा मिनिटांत उत्तर लिहिलं. तू म्हणालीस, "मामा, आता हे तुमचंच झालं." मी हसण्यावारी नेलं. तू गणितच सोडलंस.

शाळेत कविता म्हणताना अडलो, तर आमचे गुरुजी पुढची ओळ सांगत नसत. खिडकीबाहेर बघत थांबायचे. कविता मला पाठ झाल्या, ते थांबणं तेवढं शिकायचं राहिलं.

तुझी वही अजून माझ्याकडे आहे. परवा तुझ्याच रीतीने गणित पुढे नेलं. सुटतं गं ते, माझ्या रीतीपेक्षा सोपं सुटतं! शेवटची पायरी मात्र मी लिहिलेली नाही.

हे पत्र पाठवायचं धाडस नाही. वही उद्या पाठवतो, सोबत चिठ्ठीसुद्धा न ठेवता.

खिडकीबाहेर बघत थांबलेला,
तुझा मामा