ताग्यावरचा मोर

३ फेब्रुवारी, सोमवार
कपाट आवरताना बाबांचं चित्र मिळालं! पेन्सिलीतला मोर, एक पाय उचललेला. बाबा गिरणीत कापडाच्या ताग्यांवर चिकटवायच्या लेबलांची चित्रं काढायचे – एवढंच मला ठाऊक. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. घरात त्यांच्या हातचं हे एकच.
आईला दाखवलं. "हां, ठेव नीट," म्हणाली आणि पुन्हा वाटाणे सोलायला लागली.

४ फेब्रुवारी
ऑफिसातली रुचिरा म्हणाली, "फोटो काढून फोनवर शोध ना यार! मी झाडांची नावं तशीच शोधते." शोधलं. चादरी, मेंदीची डिझाइनं, एक पैठणी. कप्पाळ!

६ फेब्रुवारी
आज फोटोतलं बाकीचं कापून नुसता मोर ठेवला. चार चित्रं आली. तिसरं – बाबांचा मोर!! अंगावर काटा आला. तोच उचललेला पाय, तीच वाकडी नखं. पण रंगीत! जांभळी मान, पिसाऱ्यात सोनेरी डोळे. गिरणीचं छापील लेबल, पार परदेशातल्या संग्रहालयात. कोट्यवधी चित्रांतून या एवढ्याशा फोनने पेन्सिलीच्या रेघांवरून ओळखलं कसं? इथे मुलुंडला बसून मी बघतेच आहे, बघतेच आहे. चहा दोनदा गार झाला.
खाली लिहिलंय – चित्रकार अज्ञात.
अज्ञात? माझे बाबा? अजिबात चालणार नाही!

७ फेब्रुवारी
संग्रहालयाला मेल केला. पेन्सिलचित्राचा फोटो, बाबांचं गिरणीतलं ओळखपत्र, सगळं जोडलं. नाव घाला म्हटलं.

१९ फेब्रुवारी
उत्तर नाही. आई म्हणते, "कशाला त्यांच्या मागे लागतेस गो?" लागणारच!

२७ फेब्रुवारी
घातलं! 'चित्रकार – चंद्रप्रकाश धुरी.' ढसाढसा रडले. शेजारच्या ॲनेटला दारातूनच ओरडून सांगितलं. "झकास गं!" करत ती चपला न घालताच आली.
मोर मोठा करून फोन आईच्या हातात दिला. तिने चष्मा लावला. पिसाऱ्यावरून बोट फिरवत राहिली, बराच वेळ. बाबांची आठवण येत असणार.

२८ फेब्रुवारी
सकाळी चहा गाळताना आई म्हणाली, "रंग ह्यांचे. चित्र माझं गो. सगळीच माझी होती. गिरणीत बाईचं कोण घेणार होतं?"
मी फोन हातात घेतला. मग म्हटलं, "आत्ता लिहिते संग्रहालयाला. तुझं नाव घालायला सांगते."
"नको. ह्यांना वाईट वाटेल."