गोपिकाच्या बावीस बरण्या

आज आले : रिकाम्या बरण्या बावीस, रत्नागिरीहून. पार्सलभाडे नऊ रुपये साठ पैसे. नात गोपिका हिच्या सरांनी नव्याने भरायला पाठवल्या. त्या पाहूनच हे लिहायला बसले.

मी रुखमाबाई देवराव भोयर, वय सदुसष्ट, मॅट्रिक, राहणार रामदासपेठ, नागपूर, विठ्ठलाला स्मरून लिहिते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही.

१. राहते घर मुलगा रुपराव याला. पितळी भांडी सून प्रेमिला हिला. घंगाळ मात्र जाऊबाईंना उसनेही देऊ नये. मागे चेपून परत केले.

२. गोपिका समुद्रातल्या मासोळ्यांचे शिकते. गेल्या वर्षी रशियात अणुभट्टी फुटली. पेपरात वाचून मी ग्रहणासारखे केले : साठवणीचे पाणी ओतले, दुधातुपात तुळशीपत्र टाकले, आणि तिने सुटीत आणलेली मासोळ्यांची भुकटी, बावीस बरण्या, मोरीत रिकामी केली. ती भट्टी फुटण्याआधी धरलेल्या मासोळ्यांची होती. नंतरच्या मासोळ्या त्या भुकटीशी ताडायच्या होत्या.

"काहून केलं वं आजी? आधीचा समुद्र आता कुठून आणू?" पोर एवढेच बोलली. शिक्षण थांबले. चूक माझी.

३. तिनेच मग समजावले. भट्टीतून उडालेले विष आधी शेवाळात जाते, तिथून कोळंबीत, मग मोठ्या मासोळीत. पण खाऱ्या पाण्यातली मासोळी तळ्यातल्यापेक्षा कमी धरते, आणि स्वच्छ पाणी मिळाले की हळूहळू अंगातून टाकते. किती दिवसांत, तेच तिला मोजायचे आहे.

४. देव्हाऱ्यातला शंख वाटपात कोणी शोधू नये. सासूबाईंनी तो १९३८ साली रामेश्वरहून आणला, जगात एकही अणुबाँब फुटण्याआधी. तो मी फोडून तिच्या सरांना पाठवला. खंडित शंख पूजेत चालत नाही, ठाऊक आहे. देवाशी माझे बोलणे झाले आहे. सरांनी कळवले, मासोळ्यांची भुकटी गेली ती गेली, पण या कवचाशी आताचे शंख-शिंपले ताडता येतील. पोरीला एक डिसेंबरला पाठवा, असेही त्यांनी लिहिले.

५. माझ्या सोन्याच्या पाटल्या गोपिकाच्या शिक्षणाला, आजपासूनच. लग्नासाठी ठेवू नयेत. रुपराव म्हणतो, "मासोळ्या चिरनाऱ्या पोरीले कोन करन वं?" अरे, दोन बुकं शिकलेल्या तुझ्या बापाने मॅट्रिकवालीले केलंच ना!

साक्षीदार : नत्थूजी वाघमारे (सही), सिंधूताई काळे (सही)
रुखमाबाई देवराव भोयर (सही)
नागपूर, ८ नोव्हेंबर १९८७

रुपराव, ही नक्कल तुला कुहीला पाठवते. मी मरायची वाट पाहू नको. पोर ट्रंक भरून बसली आहे, पण बापाच्या शब्दाशिवाय निघत नाही. "जाऊ दे" एवढेच उलट टपाली कळव.